पायाखालच्या पट्ट्या

आण्णांचा हात गेला, असं वाटूर फाट्यावर पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला कळलं नाही. कळलं असतं तर त्याची खैर नव्हती. पण भांडणार तरी कुणाशी? माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, स्वतःच ते कबूल करून टाकलं होतं.

फाट्यावर आमचं लेथचं दुकान. ट्रॅक्टरचे, मळणीयंत्राचे शाफ्ट करायचे. मशीन जुनी; हातानं चाक फिरवून कट घ्यायचा. आण्णांचा कट असा बराबर, की बेअरिंग शाफ्टवर बोटानं सरकायचं. एका दसऱ्यानंतर मात्र शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक यायला लागला. आण्णांनी टूलला धार लावली, शाफ्टचं दुसरं टोक धरणारं मागचं सेंटर सरकवून पाहिलं, सगळे नट आवळले. काही उपयोग नाही. शेवटी स्वतःचा हातच उलटासुलटा करून बघत बसले.

"मशीन बराबर हाय रे. माह्या हाताचा जोरच एकसारखा राह्यला न्हाई."

आणि गावाकडं निघून गेले. मी लेथवर उभा राहिलो. माझाही कट तसाच तिरपा यायचा. पण मी शिकाऊ गडी, माझं वाकडं येणारच, असं दोघांनीही धरलं. पॉलिश पेपर घासघासून मी वेळ मारून न्यायचो.

घरी आण्णांनी हातांना जणू रजाच दिली. दाढी न्हाव्याकडून, चहाची बशी आईच्या हातून. "सांडंल," म्हणायचे. आई कुरकुरायची, "लहान लेकरू हाव का तुमी?" पण बशी धरायची. मला ते बघवायचं नाही.

पुढची खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पुजतो. बोल्ट सैल करून पहारीनं तिचा एकेक पाय उचलून खाली झाडत होतो, तर एका पायाला ग्रीसनं चिकटलेली पत्र्याची पातळ पट्टी खाली पडली. मशीन सपाट बसावी म्हणून पायांखाली अशा पट्ट्या घालतात. बाकीच्या पायांखाली एकही नव्हती.

आदल्या खंडेनवमीला झाडू आण्णांनीच घेतला होता. "देवाखाली कचरा ठिवून पूजा करायची का?" म्हणत तेलात बरबटलेलं सगळं त्यांनी झाडून उकिरड्यावर टाकलं, आणि वरून बोल्ट कचकचून आवळले. मशीनच पिळली गेली होती, म्हणून कट तिरपा येत होता.

नव्या पट्ट्या कापून घातल्या, लेव्हल लावली, एक शाफ्ट काढला. दोन्ही टोकं सारखी. रडूच आलं, खोटं कशाला बोलू!

शाफ्ट आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेऊन तडक गावी गेलो. "आण्णा, तुमचा हात न्हाई गेल्ता. मशीनखालच्या पट्ट्या गेल्त्या."

त्यांनी दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून पाहिला. मग वर बघितलं. "पट्ट्या कोणी काढल्या?"

त्या चेहऱ्याकडं बघून खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. "म्या. झाडता झाडता."

"गाढवा! सालभर माणूस घरी बसवलास!" आण्णा असे कडाडले, की आई बशी घेऊन जागच्या जागी थांबली. त्यांनी तिच्या हातातून बशी ओढली आणि रागारागात फुर्र करून संपवली. थेंबसुद्धा सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी लेथवर आले, ते शेवटच्या आजारापर्यंत. मला पुन्हा चाकाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगं गुणाचं हाय, पण मशीनपाशी त्याचा बिलकुल भरवसा न्हाई." मी मान खाली घालून लोखंडाचा कीस गोळा करायचो. वाटायचं, राग उतरला की सांगू. राग काही उतरला नाही, आणि माझं सांगायचं राहून गेलं.

दवाखान्यात एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "ते पट्ट्यांचं... जाऊ दे. म्या माफ केलं तुला."

"हौ, आण्णा," मी म्हणालो.