चंचीतल्या गोळ्या

सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टरांच्या धाकानं माझ्या वडिलांनी तंबाखू सोडली, चंची मात्र सोडली नाही. कामरगावच्या एसटी थांब्याजवळच्या ओट्यावर रोज सकाळी जमणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकांनी असंच केलं. चंचीच्या रिकाम्या कप्प्यांत गोळ्या आल्या: रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्यांच्या, पित्ताच्या. तंबाखूची रीत मात्र तशीच राहिली. ओट्यावर कुणी हात पुढं केला, तर नाही म्हणायचं नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं त्या दिवशी माझाच रक्तदाब मोजायला हवा होता.

पौर्णिमा होती. मी वाशीमहून सुटीला आलो होतो. वडील पांढरे कपडे घालून विहारात वंदना करून आले, तिथून ओट्यावर गेले आणि दहाच्या सुमारास भिंत धरत घरी परतले. उपवास असल्यानं पोटात फक्त कोरा चहा. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. खुर्चीत बसले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोणाकडचे, भाऊ?"

आमच्या घरात नकला करण्याची जुनी खोड आहे. मी ती त्यांच्याकडूनच उचलली. मला वाटलं, आज कुठल्या तरी पाहुण्याची नक्कल चाललीय. मी टाळी देऊन हसलो. टाळी घ्यायला त्यांचा हात उठलाच नाही. तो थरथरत होता.

"माय, जीप बोलाव!" मी नाटकात ओरडतात तसा ओरडलो. मला हार्ट अटॅकशिवाय काही सुचेना.

आईनं मात्र त्यांच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "कोणाची गोळी खाल्ली?"

"माह्यी सरली होती," ते चाचरत म्हणाले. "त्यानं देल्ली."

तो म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, साखरेचा जुना रोगी. वडिलांची गोळी रक्तदाबाची, त्याची साखर उतरवणारी; दोन्ही पांढऱ्या, बारीक. आईनं धावत जाऊन पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळली.

"उपास हाये मले," वडील तोंड फिरवत पुटपुटले.

"माणूस चालला अन् उपास धरून बसले! प्या मुकाट्यानं!"

कारंज्याच्या वाटेवर जीपमध्ये ते ड्रायव्हरला शिव्या देऊ लागले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दवाखान्यात माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. डॉक्टर म्हणाले, "या गोळीचा असर लवकर उतरत नाही. साखर परत खाली येऊ शकते. उद्यापर्यंत इथंच ठेवू."

थोड्या वेळानं दोस्त धापा टाकत आला. त्यानं अख्खी चंची टेबलावर उलटी केली. "पाहा साहेब, याच्यातलीच हाये. माह्याच हातानं देल्ली. म्या मारलं का त्याले?"

"आणि तुम्ही स्वतः आज गोळी घेतली?"

"कायची घेतो? एकच राह्यली होती. तेच त देल्ली."

डॉक्टरांनी त्याचंही बोट टोचलं, आकडा पाहिला आणि शेजारच्या खाटेकडं बोट दाखवलं.

असे दोघं शेजारी शेजारी झोपले. एकाच्या नसेत ग्लुकोज, दुसऱ्याला साखरेची बंदी.

"पाह्य बे, तुह्या वाटणीचं गोड मले चढवून राह्यले," वडील म्हणाले.

"चूप बस, बह्याडा," दोस्त रडवेल्या आवाजात म्हणाला.

मी खो खो हसलो. तेवढ्यात नर्स आली, वडिलांचं बोट टोचलं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायला वळली. आकडा पुन्हा उतरला होता. माझं हसू तोंडातच राहिलं. बाटली बदलली. दोस्त उठून बसला आणि वडिलांचं मनगट धरून राहिला, जणू साखर हातानं वर ओढता येते.

पुढच्या खेपेला आकडा चढला. त्याच्या पुढच्या खेपेला टिकला. मी तो दोस्ताला मोठ्यानं सांगितला, तरी त्यानं मनगट सोडलं नाही.

"आखीन एकदा पाहू दे बाईले," तो म्हणाला. "मंग सोडतो."