रुखवतातलं न भिजणारं कापड

लग्न तोंडावर आलं आणि रुखवतात मांडायला माझ्या हातचं काही म्हणजे काहीच नव्हतं. आईनं डोकं धरलं.

"सगळ्याइच्या पोरीइनं काई ना काई केलं," ती म्हणाली. "मी तुयं काय मांडू? सर्टिफिकेट?"

मला ना क्रोशा येतो, ना भरतकाम. मागची काही वर्षं मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारे कण बनवण्यात घालवली होती. कामरगावात आई शेजारणींना सांगायची, "ते लय बारीक वस्तूचं काम करते." त्यावरून एका काकूंनी मला त्यांची नाकातली चमकी दुरुस्त करायला दिली होती. मी केली पण! चिमटा होता हाताशी.

पण खरी गोम वेगळीच होती. साक्षगंधाच्या दिवशी मी धीर करून विचारलं होतं, माझं संशोधन अर्धवट आहे, लग्नानंतर वर्ष-दीड वर्ष विद्यापीठात राहून पुरं करीन, चालेल ना? होणारा नवरा पटकन 'हो' म्हणाला. त्याचं काय, त्याचं हो माझ्या खिशातच होतं. पण शेलूबाजारच्या त्या घरात शेवटचा शब्द सासूबाईंचा, आणि सासूबाई म्हणाल्या, "पाहू मंग." आता 'पाहू मंग' याचा अर्थ काय ते कोणाही वऱ्हाडी माणसाला विचारा. रात्री फोनवर मी नवऱ्याला छेडलं तर तो गरीब म्हणाला, "आई एकदा पाहू म्हणाली का मंग पाहतच राह्यते." हाती घेतलेलं काम असं मधेच सोडायचं? नुसत्या विचारानं मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो.

त्या रागातच सुचलं. मांजरपाटाचं एक चांगलं हातभर रुंद कापड घेतलं, धुतलं, आणि माझ्या लेपाच्या द्रावणात बुडवून काढलं. या लेपात सिलिकाचे कण असतात. सिलिका म्हणजे वाळूचीच जात, पण हे कण इतके लहान की केसाच्या जाडीत त्यांचं अख्खं गाव मावावं. धाग्याधाग्यावर ते बसले की पाण्याला टेकायला जागाच उरत नाही. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर पाणी कसं गोल होऊन घरंगळतं, तसं होतं. प्रयोगशाळेतल्या ओव्हनमधून कापड काढताना माझे मार्गदर्शक सर मागं उभे. म्हणाले, "हे कुठं प्रसिद्ध करणार?" म्हटलं, "मांडवात, सर." सर खुर्चीत बसून हसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी रुखवत मांडलं. पापडांचा बंगला, मूग-तुरीच्या दाण्यांचा ट्रॅक्टर, आणि मधोमध बिस्किटांची लांबलचक रेल्वे. ती जऊळक्याच्या मामीनं केलेली. तिच्या गावाला स्टेशन आहे, त्यामुळे तिला रेल्वेशिवाय दुसरं सुचत नाही. त्या थाटात माझं कोरं पांढरं कापड एका पाटावर अंथरलं होतं आणि आईनं लाजत लाजत चिठ्ठी ठेवली होती, 'नवरीच्या हातचं'.

नवरदेवाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या. मला हळद लावून झाली, आणि मग त्यांचा मोर्चा रुखवताकडे. मी पिवळी होऊन पाटावर बसलेली, खाली मान घाल म्हणून सांगितलेलं, पण कान तिकडेच.

"हे काय वं? ना फूल, ना पान. तोंड पुसाची दस्ती हाय काय?"

"येवढी शिकली म्हनते, अन् सुईत दोरा ओवता येत नाई वाटते."

झालं! माझी मान वर. मी पाटावरूनच ओरडले, "पानी टाका त्याच्यावर!"

बायांच्या माना माझ्याकडे वळल्या. नवरी ओरडली म्हणून. एका नणंदेनं घाबरत घाबरत गडव्यातलं थोडं पाणी ओतलं. पाणी कापडावर पडलं, टपोरे मणी झाले आणि टुणटुण उड्या मारत खाली. कापड कोरडं ठाक.

"अवो माय!"

मग काय, त्यांना आवरायला तहसीलदार बोलावला असता तरी आवरल्या नसत्या. कोणी तांब्या घेतला, कोणी चहाचा कप आणला. चहा घरंगळला. कोणी आचाऱ्याच्या पातेल्यातून मठ्ठा आणला, मठ्ठाही सटकला. एकीनं आपला पदर कापडाला घासून पाहिला, लेप उसना मिळतो का म्हणून. कापडाला न लागलेलं सगळं पाणी, चहा, मठ्ठा मात्र उतारानं मामीच्या रेल्वेला लागत होतं. इंजिन विरघळलं, मग डबे. मामी ओरडतेय, "माही गाडी! माही गाडी!" आणि बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडताहेत. मी पाटावर बसल्या बसल्या टाळ्या पिटत होते. इतकी खूश मी प्रयोगशाळेत कधी झाले नाही, देवाशप्पथ.

सासूबाई मात्र खुर्चीवर. पाहत होत्या.

तेवढ्यात मावससासूबाई पुढे झाल्या. हातात हळदीची वाटी, तेलात कालवलेली. "शुभाचं तं लागन का नाई?" म्हणत त्यांनी पाची बोटं बुडवली आणि कापडावर थाप मारली. हात उचलला. कापडावर पिवळाधम्मक पंजा. नणंदेनं वरून पाणी ओतलं. पाणी घरंगळून गेलं, पंजा जागच्या जागी.

नणंदेनं गडवा खाली ठेवला.

"फुसकं निंगालं बाप्पा," कोणीतरी हळूच म्हणालं.

आई धावली कापड उचलायला. गेलं, म्हटलं. वर्ष-दीड वर्ष त्या पंजाखाली गेलं. आणि सासूबाई खुर्चीवरून उठल्या.

"थांबा, ईनबाई," त्या आईला म्हणाल्या. कापडाजवळ गेल्या, अंगठ्यानं डाग चोळला, अंगठा पाहिला. मग माझ्याकडे वळल्या. "पानी नाई लागलं. हे काहून लागलं?"

आता खरं तर मी खाली मान घालायची. पण कोणी मला माझ्या कामातलं 'काहून' विचारलं की मला धीर धरवत नाही. मी पाटावरून उठलेच. सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणत, हळदीचे हात हवेत नाचवत सुरू झाले. आत्याबाई, पाणी गोळा होऊन बसतं, तेल तसं बसत नाही, ते पसरतं, त्या कणांच्या फटीत शिरतं. तेलही थांबवणारे लेप जगात आहेत, पण त्यात जी रसायनं लागतात ती मातीत जातात, पाण्यात जातात आणि तिथंच बसतात, नासत नाहीत. ती न घालता तेल कसं थांबवायचं, त्याच्यामागं कुठले कुठले लोक लागलेत, आणि आमच्या प्रयोगशाळेत मी! तेच माझं उरलेलं काम आहे, आत्याबाई, तेच!

श्वास संपला तेव्हा थांबले. अख्खा मांडव माझ्या तोंडाकडे पाहत होता. मावससासूबाईंचा पिवळा हात अजून तसाच वर.

"वावराच्या मातीत जाऊन बसते ते?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग तसलं नकोच." त्यांनी कापडाच्या चार घड्या केल्या, पंजा आत ठेवून. "अन् तुयं बिनजहराचं कवा होईन?"

"वरीस-दीड वरीस लागन, आत्याबाई. झालं तं झालं. नाई बी होऊ शकत." खोटं कशाला बोला.

त्यांनी घडी आपल्या सुनेच्या, म्हणजे माझ्या, हातात ठेवली. मग संध्याकाळी गाडीत सामान भरणार होते त्यांना आताच हाक मारली. "बाकी रुखवत चढवा. हे नाई. अर्धं काम मी घरात घेत नाई, हे पुरं करून आनन सूनबाई."

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. आईला आधी समजलं. तिनं पदर डोळ्यांना लावला, बिदाई अजून कुठल्या कुठं असताना. मग मी हसायला लागले. थांबेचना. मुंडावळ्या बांधायला आलेली काकू माझं डोकं धरून बसली तरी मी हसतेच आहे.

"नवरीनं येवढं हासू नाई," सासूबाईंनी डोळे वटारले. मग माझ्या कानाशी वाकल्या. "कामावर सोमवारी जातं का मंगळवारी, ते सांग. म्हंजे सत्यनारायन त्याच्या आंदी उरकून घेऊ."