चौथऱ्यावरची फक्की

आमच्या गावाला ऑलिंपिक हवं होतं. एस.टी. स्टँडवरच्या मुतारीला दार नाही, शाळेतल्या मुलींना घोटभर पाण्यासाठी रस्ता ओलांडून राहीबाईच्या हॉटेलात जावं लागतं, पण ऑलिंपिक हवं होतं. ते अहमदाबादला झालं तरी चालणार होतं. आमच्या गावानं पाठिंबा दिला नाही म्हणून देशाचं ऑलिंपिक हुकलं, एवढं खापर मात्र गावाला डोक्यावर नको होतं.

मी या गावात बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. गावाला मी चांगली ओळखते आणि गावाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. श्रीगोंद्याकडून येणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मधे चार हजार वस्ती, आणि त्या वस्तीत एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी आजूबाजूच्या एकोणीस शाळा दर डिसेंबरात टेम्पो करून आमच्याकडे यायच्या. ती म्हणजे योहान भांबळनं आखलेला धावपट्टा.

योहान आमच्या शाळेचा शिपाई. पोरं त्याला योहानमामा म्हणत, पोरांचं ऐकून आम्ही शिक्षकही मामा म्हणू लागलो. घंटा देणं, वर्ग उघडणं, परीक्षेला बाकं हलवणं, हेडमास्तरांचा चहा आणणं ही त्याची पगाराची कामं. बिनपगारी काम एकच, फक्की मारण्याचं. फक्की म्हणजे मैदानावर रेघा ओढायची चुन्याची पांढरी पूड. स्पर्धेच्या आधी आठ दिवस त्याच्या पँटीला, मिशांना, सायकलच्या दांडीला सगळीकडे फक्की असायची. त्याची बायको मरिया म्हणायची, "रविवारी चर्चमधी बसला तरी बाकावर पांढरं उमटतंय."

शाळेत नवा होता तेव्हा पहिल्या वर्षी त्यानं वळणं आखायला सुतळी घेतली. पहाटेच्या दवानं सुतळी आखडली आणि एक वळण लहान, एक मोठं झालं. पोरं हसली, हेडमास्तर ओरडले. पुढच्या वर्षी योहाननं लोखंडी तार आणली आणि ती घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, दोनशे मीटरचा पट्टा बसवायचा हाय. सरळ पन्नास, वळान पन्नास. वळनाला तार किती घेऊ?"

मी तोऱ्यात भागाकार करून दिला. पंधरा मीटर ब्याण्णव सेंटिमीटर. तो कागद बघत उभाच राहिला.

"पर बाई, पोरगं काय रेघंवरून पळत न्हाई. रेघंच्या जरा बाजूनं पळतंय. मग आपन मोजायचं कुठनं?"

मी बी.एस्सी. बी.एड., तो सातवी पास. मी त्याला उद्या यायला सांगितलं. घरी जाऊन क्रीडाशिक्षकाचं नियमांचं पुस्तक उघडलं, तर त्याच्या शंकेला तिथं नियमच होता. पळणारा रेघेपासून तीस सेंटिमीटरवरून पळतो असं धरायचं. म्हणजे तार पंधरा मीटर बासष्टची. दुसऱ्या दिवशी मी आकडा दिला, त्यानं त्या मापाला तारेला कडी केली आणि पुढची बत्तीस वर्षं ती कडी हलली नाही. पट्टाही हलला नाही. हलायला जागाच नव्हती. मैदानाच्या एका अंगाला पाटाची चारी, एका अंगाला शाळेची इमारत, आणि मधे चार पट्टे बसायचे ते जेमतेम. वळणांच्या दोन केंद्रांवर त्यानं पहारीचे तुकडे ठोकून ठेवले होते, वर माती, माहीत फक्त त्याला.

गेल्या डिसेंबरात त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. एकतीस तारखेला निवृत्ती, आणि बावीसला, सोमवारी, त्याच्या हातच्या शेवटच्या स्पर्धा.

नेमकं तेव्हाच काकासाहेबांना ऑलिंपिक चढलं. काकासाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. आयुष्यात ते पळाले असतील तर फक्त निवडणुकीच्या तिकिटामागे. पण कुठल्याशा बैठकीला जाऊन आले आणि गावभर फलक लागले: 'ऑलिंपिक भारतात, उत्साह आमच्या मनात!' फलकावर काकासाहेबांचा फोटो पुरुषभर उंच आणि धावणारा खेळाडू त्यांच्या खिशाएवढा. एकवीस तारखेला रविवारी पाठिंबा मेळावा ठरला. सह्यांचं लांबलचक पांढरं कापड, पाच कड्यांच्या आकारात उभी राहणारी मुलं, वरून ड्रोन, आणि या सगळ्याची कायम आठवण म्हणून मैदानात सिमेंटचा चौथरा, त्याच्यावर फायबरची मशाल.

गावातल्या तरुणांनी मोबाईलवर ऑलिंपिकच्या पाच कड्यांचं चित्र लावलं. ज्यांना शाळेच्या वयात घंटेच्या आवाजावर सुद्धा पळता आलं नाही ते देशाच्या पदकांचा हिशोब करू लागले. उरलेल्यांना काही पडलेली नव्हती. राहीबाईच्या हॉटेलात एकजण विचारत होता, "ते ऑलंपिक म्हंजे कुस्त्याच ना? मग इनाम किती हाय?" दुसरा म्हणाला, "त्या दिवशी ऊसतोड बंद ठिवायची का चालू, तेवढं सांगा." मला त्या तरुणांचा आणि या बेफिकिरांचा सारखाच राग येत होता. तरुणांना आपण कशासाठी ओरडतोय ते माहीत नव्हतं, उरलेल्यांना माहीत करूनच घ्यायचं नव्हतं, आणि मैदान तर दोघांच्याही दारात होतं.

सोमवारी, पंधरा तारखेला, गवंड्यानं चौथऱ्याच्या खुंट्या मारल्या. काकासाहेब स्वतः फाटकात उभे राहून हातवारे करत होते. जाणाऱ्या-येणाऱ्याला रस्त्यावरून मशाल दिसली पाहिजे, म्हणून जागा ठरली ती रस्त्याकडच्या सरळ पट्ट्यावर, शर्यत जिथं संपते त्याच्या थोडं अलीकडे. सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद. चार पट्ट्यांची रुंदी चार मीटर अठ्ठ्याऐंशी. सोळा फूट म्हणजेही तेवढेच. वाटच अडवायची ठरवून कुणी माप घेतलं असतं तरी इतकं नेमकं बसलं नसतं.

योहान गवंड्याकडे गेला. गवंडी म्हणाला, साहेबांना सांगा. हेडमास्तरांकडे गेला. ते म्हणाले, वरून आलंय. बुधवारी संध्याकाळी तो माझ्या दारात.

"बाई, फकस्त सोळा फूट आत घ्या म्हनावं. पट्ट्याच्या पोटात लई जागा मोकळी हाय. मशाल तिथनं बी दिसंल. तुमी बोला. तुमचं ऐकत्यात."

"बोलते मामा," मी म्हणाले. "अहो, एवढं साधं आहे, कुणालाही पटेल."

"सुक्रवारी शिमेट वततील. त्याच्या आत सांगा."

गुरुवारी मी संस्थेच्या कार्यालयात गेले. मनात चार वाक्यं घोकून गेले होते. काकासाहेबांनी उठून खुर्ची दिली. "या बाई! अहो, तुमची सूनबाई आपल्याकडेच आहे ना? अपूर्वा मॅडम. चांगलं शिकवतात. तीन वर्षं झाली, आता त्यांना कायम करायचं मार्चमध्ये बघतो. आणि हो, सह्यांच्या कापडावर पहिली सही तुमची. शिक्षकांचा मान आहे तो."

त्यांनी धमकी दिली नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. तेवढी सुद्धा तसदी त्यांना घ्यावी लागली नाही. मी म्हणाले, "फार स्तुत्य उपक्रम आहे." मग चहा आला, मी तो प्यायले, चांगला होता असंही म्हणाले. सोळा फूट माझ्या तोंडातून बाहेर पडले नाहीत. गावाला नावं ठेवायची जीभ मला आहे, काकासाहेबांपुढे मात्र ती टाळ्याला चिकटली.

बाहेर राहीबाईच्या हॉटेलापाशी योहान सायकल धरून उभा होता.

"काय म्हनले साहेब?"

"बघतो म्हणाले."

त्याचा चेहरा खुलला. "मंग झालं. साहेब बघतो म्हनले म्हंजे झालं. मी उंद्या श्रीगोंद्याला जाऊन फक्कीच्या गोन्या घिऊन येतो."

शुक्रवारी तो गोण्या आणायला गेला. तो इथं असता तर गवंड्यापुढे आडवा पडला असता, हेडमास्तरांचे पाय धरले असते, काहीतरी केलं असतं. माझ्या एका वाक्यावर विसंबून तो तिकडे चुन्याची पूड गोळा होते की भुरभुरते ते बोटांत चोळून बघत बसला. संध्याकाळी टेम्पोतून उतरला तेव्हा चौथरा ओतून झाला होता. तीन पायऱ्यासुद्धा झाल्या होत्या. मी घराच्या खिडकीतून पाहिलं. तो बराच वेळ तिथं उभा होता. मी दार लावून घेतलं.

रविवारचा मेळावा काय वर्णावा. मुलांना सकाळी सातला आणलं, काकासाहेब साडेदहाला आले. पाच कडी करायची होती, पण संस्थेच्या मंडळातल्या कुणीतरी शुभकार्यात काळं कडं नको म्हणाल्यामुळे काळ्या टोप्यांऐवजी गुलाली टोप्या मागवल्या. ऑलिंपिकच्या खुणेतला एक रंगच गावानं बदलला आणि टाळ्या वाजवल्या. सह्या अकरा हजार झाल्या. गाव चार हजारांचं. सातवीच्या वर्गाला उजव्या हातानं, मग डाव्या हातानं सह्या करायला लावल्या होत्या. मी गणिताची बाई, पहिली सही माझीच, ठसठशीत. पुरीभाजी संपली तसे निम्मे लोक उठून गेले. ते उठताहेत तोवर काकासाहेब माईकवर म्हणत होते की या मैदानातूनच उद्याचे ऑलिंपिकवीर पळणार आहेत. त्यांच्या मागे मशाल होती, आणि मशालीच्या चौथऱ्याखाली मैदानातली एकुलती एक पळायची वाट.

सोमवारी पहाटे मला झोप लागेना. मैदानाकडे गेले. योहान पट्टा आखत होता. केंद्रात तार अडकवून दोन्ही वळणं घेतली, चारही पट्टे मोजून घेतले, आणि सरळ रेघ ओढत चौथऱ्यापाशी आला. मला वाटलं आता थांबेल. तो थांबला नाही. दोरी चौथऱ्यावरून ताणली, वाकून कडेवरून फक्की चढवली, वरून नेली, पलीकडे उतरवली. पाच रेघा, पाचही तशाच, एकही बोटभर वाकडी नाही.

"मामा, हे काय करताय?"

"पट्टा हितनंच जातो बाई," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

नऊला एकोणीस शाळांचे टेम्पो आले. मुलं अनवाणी उतरली, पाय झटकू लागली. शिक्षक चौथऱ्याभोवती उभे राहिले, एकमेकांकडे बघून हसले. स्पर्धा रद्द झाल्या. मुलांना एकेक बिस्किटाचा पुडा देऊन परत पाठवलं. पुढच्या वर्षापासून दुसरीकडे घेऊ म्हणाले. अकरा हजार सह्यांपैकी एकही सहीवाला तेव्हा मैदानात नव्हता. दुपारी काकासाहेबांच्या कार्यकर्त्यानं चौथऱ्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'पांढऱ्या रेषांची अभिनव सजावट'. गावानं त्याला अंगठे दिले.

एकतीसला योहानला शाल-श्रीफळ मिळालं. माझी तब्येत बरी नाही असा मी निरोप पाठवला.

मार्चमध्ये अपूर्वा कायम झाली. पेढे घेऊन मी सगळीकडे फिरले, मग योहानकडे जाणंही भाग होतं. अंगणात मरिया कपडे वाळत घालत होती. तार ओळखीची वाटली. जवळ गेले तर टोकाला ती कडी होती. पंधरा मीटर बासष्ट, बाभळीपासून न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत, वर गोधडी आणि दोन सदरे.

योहाननं खाट झटकून दिली. पेढा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला.

"निरोपाच्या दिशी मी साहेबास्नी इचारलं," तो म्हणाला, "बाईंनी सांगितलं हुतं की तुमाला, सोळा फुटाचं. तर ते म्हनले, बाई आल्या हुत्या खऱ्या. सुनंचं बोलनं झालं."

मला म्हणायचं होतं की सुनेचं त्यांनीच काढलं, मी नाही. ते खरंही होतं. पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता.

"असू द्या बाई," योहान म्हणाला. "सोळा फुटाचं न्हाई झालं, पर सुनंचं झालं. एक तरी झालं." आणि मरियाला म्हणाला, "बाईंना च्या टाक."

चहा मी घेतला नाही. कोणी बोलावत असल्याचा बहाणा करून निघाले. मैदानावरच्या रेघा केव्हाच पायांनी पुसून गेल्या आहेत. चौथऱ्यावर कोणी चढत नाही, तिथल्या पाच रेघा अजून आहेत. शाळेवरून जाताना मी हल्ली रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाते.