कार्डाच्या मागच्या बाजूला

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल माफ करा. वेरूळला शहराच्या एसटीची वाट पाहताना मी पर्यटकांना लेण्यांची पोस्टकार्डं विकणाऱ्या एका काकांजवळ बसायचो. नाव कधी विचारलं नाही.

ते पूर्वी दगडाचे हत्ती कोरायचे. उजवा खांदा निकामी झाला आणि छिन्नी सुटली. त्यांच्या खिशात प्लास्टिकमध्ये जपलेलं एक कार्ड असे, त्यावर चेंडू फेकणारा जपानी बेसबॉलपटू. एका जपानी पाहुण्यानं त्यांचा खांदा पाहिला, कार्डावरच्या खेळाडूकडे बोट दाखवून स्वतःच्या खांद्याला हात लावला आणि ते कार्ड देऊन टाकलं.

“याचाबी खांदा गेला, माझ्यावानीच,” काका म्हणायचे. मागचा जपानी मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या म्हटलं, तर म्हणत, “संपला, हेच लिव्हलं असंल. कशाला ऐकायचं?”

परवा मीच धीर करून, त्यांना विचारून, एका जपानी बाईंना कार्ड दाखवलं. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत: खांद्याच्या ऑपरेशननंतर तो कितीतरी वर्षं खेळला आणि मग आपल्या मर्जीनं निवृत्त झाला.

“मर्जीनं?” काकांनी दोनदा विचारलं. मग खांदा चोळत म्हणाले, “पोरा, असलं आपरेशन आपल्याकडं व्हतं का?”