भाकरीपाशी थांबलेली गोष्ट

मिरचीच्या शेडनेटमध्ये सकाळी शिरलं की आधी काहीच दिसत नाही. पांढऱ्या जाळीतून ऊन गाळून आत येतं, कुणाचीच सावली पडत नाही, आणि पलीकडच्या ओळीतल्या बाया नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. शाळेच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेल्या. आमच्या जाफराबादेकडं बियाण्यासाठी मिरची लावतात. दुपारी कळी उघडून तिच्यातले नर-केसर चिमट्यानं काढायचे, लाल दोरा बांधायचा, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. याला आमच्याकडं सरळ क्रॉसिंग म्हणतात. हात गुंतलेले, डोळे कळीवर, रिकामे फक्त कान. त्या कानांसाठी माझी माय गोष्ट सांगायची.

गोष्ट एकच. एक बाई सकाळी शेडनेटमध्ये शिरते आणि तिला बाहेर पडायचं दारच सापडत नाही. ओळीमागून ओळ लागते. एका ओळीत तिची मेलेली आई कळ्या उघडत असते. एका ओळीत परकर घातलेली, लहानपणची ती स्वतःच असते. एका ओळीत अजून न जन्मलेली तिची लेक. सगळ्यांच्या बोटांत लाल दोरा. बाई विचारते, "दार कुठंय वं?" अन् जी ती म्हणते, "पुढच्या ओळीत." रोज नवी ओळ, रोज नवी बाई.

आमच्याकडं गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं "हं" म्हणत राहायचं. हं बंद पडलं की सांगणारी तिथंच थांबते, ऐकणारी झोपली असं धरून चालतात. मायला तर ओळीओळीतून हं यायचं. आणि गोष्ट ऐन रंगात आली की ती स्वतःच उठायची. "बायांनो, चला, भाकरी खाऊन घेऊ." माझं डोकंच फिरायचं.

"अगं पण दार सापडलं का न्हाई?"

"उद्या."

हा उद्या कैक वर्षं चालला. मग मायला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. उरलं एवढं एक हं. हवं असलं की हं, नको असलं की गप्प. ते दार काही तिनं सांगितलं नाही.

मी आता गावातल्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. नवरीच्या पाठवणीवर रडकं गाणं चढवायचं, जेवणाच्या पंगतीवर सनई. एक दिवस फोनवर मेसेज आला: सिनेमावाले जालन्यात येणार, ज्याच्याकडं सिनेमाची गोष्ट असेल त्यानं येऊन दहा मिनिटांत सांगायची. शेवट पक्का पाहिजे, अशी अट. मला दुसरं काही नको होतं हो, पैसा नको, नाव नको. माय आहे तोवर तिची गोष्ट तिला मोठ्या पडद्यावर दाखवायची होती, बस. पण शेवट कुठून आणू?

रोज दिवेलागणीला अंगणात बाजेवर माय आणि समोर मी, असा सराव सुरू झाला. ती हं म्हणायची, मी ओळी ओलांडत जायची. शेवटाला आलं की माय गप्प. एकदा मी बाईच्या नवऱ्याला जाळी फाडून आत आणलं. माय गप्प. एकदा बाईला जाग आली अन् सगळं स्वप्न निघालं. मायनं सरळ तोंड भिंतीकडं फिरवलं. मला हसूही आलं आणि रागही. "मंग तूच सांग ना!" असं ओरडले, आणि लगेच तिच्या मांडीत डोकं घालून रडले.

"ताई, काऊन छळून राह्यल्या त्यांना?" वहिनी चुलीपाशी बसून ओरडली.

अखेर मी बाईला दार सापडू दिलं. दाराबाहेर लख्ख ऊन, कपाळाला हात लावून ती बघतेय, संपलं. माय याही शेवटाला गप्पच. पण ठरलेला दिवस उगवला होता. तोच शेवट घेऊन मी जालन्याच्या एसटीत बसले.

खिडकीशी डोळा लागला. बाहेर कपाशी फुटलेली, जिकडं बघावं तिकडं पांढरं. अर्धवट झोपेत वाटलं आपण शेडनेटमध्येच आहोत, अन् कंडक्टर मला सांगतोय, बाई, दार पुढच्या ओळीत.

जालन्यातला तो हॉल एसीनं गारठलेला. टेबलामागं चार जण. एक जण लॅपटॉपवर टकटक करत होता, बाकीचे माझ्याकडं बघत होते, पण नुसते बघत होते. मी सुरू केलं. बाई शेडनेटमध्ये शिरली. समोर शांतता. मेलेली आई भेटली. शांतता. माझी जीभ तिथंच अडली. मला वाटलं, झोपले वाटतं हे डोळे उघडे ठेवून!

"अहो, हं म्हणा की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

टकटक थांबली. चष्मेवाल्या एका बाईंना हसू फुटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता माघार कशाला? हं आल्याशिवाय आमच्याकडं गोष्ट पुढं जात नाही, हे मी सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या मायला फोन लावू का?

"लावा," बाई म्हणाल्या.

वहिनीनं फोन मायच्या तोंडापाशी धरला, मी माझा टेबलावर ठेवला. पहिलं हं आलं आणि मी चालायला लागले. परकरातली पोर. न जन्मलेली लेक. माय हं, हं करत राहिली. हळूहळू भिंती फिक्या झाल्या, एसीचा आवाज माश्यांच्या गुणगुणीसारखा लागला, अन् त्या चष्मेवाल्या बाईही नकळत हं म्हणायला लागल्या. किती छान वाटलं म्हणून सांगू!

लॅपटॉपवाल्यानं घड्याळाकडं बोट केलं. "शेवट सांगा."

मला दार सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण हं चालू होतं, दुपार झाली होती, आणि तोंडाला सवय. "मंग ती बाई ओळीतच बसली. आईला, लेकीला, सगळ्यांना हाक मारली. म्हणाली, बायांनो, चला, भाकरी खाऊन घेऊ."

मी जीभ चावली. थांबा, चुकलं, असं म्हणणार होते.

"हं," माय म्हणाली. फोन खरखरला एवढं मोठ्यानं. मग परत, "हं."

मी उभी होते तशी खाली बसले. म्हणजे गोष्ट रोज संपत होती, आणि मी रोज चिडत होते.

"पण दाराचं काय?" लॅपटॉपवाल्यानं विचारलं.

"उद्या," मी म्हटलं. चौघंही हसले. कळवतो म्हणाले. अजून काही कळवलेलं नाही.

फोन तेव्हा चालूच होता. पलीकडून भांड्यांचा आवाज आला, मग वहिनीचा.

"ताई, आईंनी ताट पुढं ओढलं बघा. डाव्या हातानं. अन् एक भाकरी बाजूला काढून खुणेनंच तुमच्यासाठी झाकून ठेवायला लावली."