फिक्रीमामाचा गरुडशिक्का

तांता शहरातल्या पाटबंधारे कार्यालयात फिक्री अब्दुलगव्वाद याने सारं आयुष्य एकाच कामात घालवलं. शिक्का मारणं. कागद दुसऱ्याने लिहायचा, तिसऱ्याने तपासायचा, सही साहेबाची. फिक्रीने गरुडाचा सरकारी शिक्का शाईच्या गादीवर टेकवून कागदावर दाबायचा, एवढंच. पण ऐट अशी, की जणू नाईलचं पाणी हाच सोडतो! खिडकीसमोर शेतकरी ताटकळत उभे असताना तो आधी चहा संपवी, मग शिक्क्यावर फुंकर मारी, मग उगाच चष्मा पुशी. लोकांना खोळंबून ठेवण्यालाच तो काम समजत असे. स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावरचा गरुड पुसट उठला म्हणून हा गृहस्थ लग्नाच्या दिवशी जेवला नव्हता.

अशा माणसाला घरात कोणी विचारू नये. पण त्याची धाकटी बहीण इनसाफ विधवा, आणि भाऊ सरकारी नोकर म्हणून तिला तो थोर वाटे. तिची मुलगी रिहाब औषधशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला निघाली होती. कैरोला जाऊन बोटांचे ठसे देऊन झाले, परवानगी आली, तिकीटही निघालं. नोंदणीच्या शेवटच्या तारखेआधी पोचलं नाही तर जागा जाणार होती.

शुक्रवारी मुलुखियाच्या पातळ पालेभाजीवर ताव मारून झाल्यावर फिक्रीने भाचीचा पासपोर्ट मागून घेतला आणि एकेक पान उलटलं.

"कुठाय?"

"काय मामा?"

"व्हिसा गं! सगळी पानं कोरी आहेत."

"आता तो पासपोर्टात चिकटवत नाहीत. त्यांच्या सरकारी साइटवर माझं खातं आहे, त्यात असतो. खात्याला पासपोर्टचा नंबर जोडलाय." रिहाबने फोन पुढे केला. "हे बघा."

"फोनात? म्हणजे उद्या फोन गटारात पडला की इंग्लंडही गटारात?"

"दुसऱ्याच्या फोनवरूनही उघडता येतं. विद्यापीठाला, घरमालकाला पुरावा हवा असेल तर मी कोड काढून द्यायचा. ते त्यांच्याकडे बघून घेतात."

"कोड म्हणे! विमानतळावरचा माणूस शिक्का विचारेल, तेव्हा काय त्याला कोड खायला घालशील? इनसाफ, पोरीला कोणीतरी टोपी घातलीय बघ."

"आई, ऐकू नकोस. आणि पासपोर्टला कोणी हात लावू नका," रिहाब म्हणाली.

पण भीती आईच्या पोटात शिरली ती शिरलीच. रविवारी रिहाब मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली, तेव्हा इनसाफने पासपोर्ट गुपचूप भावाच्या हातात दिला. "दादा, तूच काय ते बघ."

उंटावरच्या शहाण्याने बघितलं. रिहाबने आईला पाठवलेला परवानगीचा ईमेल कार्यालयात छापून घेतला, कात्रीने नीट कापला आणि पासपोर्टच्या कोऱ्या पानावर डिंकाने डकवला. मग फोटोवर मारतात तसा गरुड मारला, अर्धा कागदावर, अर्धा पानावर, म्हणजे कोणी कागद उपटला तर चोरी उघडी पडावी. गरुडाभोवती अक्षरंही स्वच्छ उठली: पाटबंधारे विभाग, पश्चिम गरबिया. साहेबाच्या सहीवाचून मारलेला त्याचा हा पहिला शिक्का. गड्याचे डोळे भरून आले!

"घे," तो रिहाबला म्हणाला, "आता झाला खरा."

रिहाबने पान पाहिलं. "मामा, पासपोर्ट बाद केलात तुम्ही."

"बाद? अगं, गरुड आहे त्याच्यावर!"

पासपोर्ट कार्यालयातल्या अधिकाऱ्याने अक्षरं वाचली आणि शेजारच्यालाही दाखवली. "काय बाई, कालव्यातून जाताय का लंडनला?" मग हसू आवरून म्हणाला, "हा गाढवपणा कोणाचा? नाव सांगा, तक्रार लिहून घेतो."

"नको," रिहाब म्हणाली. "त्यांना एवढी किंमत देऊ नका."

नवा पासपोर्ट तातडीने मागितला. तो येईपर्यंत इनसाफ दिवस मोजत होती. आणि फिक्री? लाज वाटून घरात बसेल तर तो फिक्री कसला! तो कॉफीखान्यात हुक्का ओढत उसासे टाकत होता, "काय करणार, माझ्या एका शिक्क्याने इंग्लंड अडून बसलं." वाईट वाटल्याचा आव होता, पण आतून गडी फुलला होता. भाचीचं नुकसान झालं तरी बेहत्तर, शिक्क्याचा दरारा सिद्ध झाला होता ना! इतका कोता माणूस शोधून सापडायचा नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो मिठाईचा डबा घेऊन सांत्वनाला आला. दारात बांधलेली बॅग दिसली.

"नवा पासपोर्ट आला वाटतं? पण आता व्हिसा पुन्हा मागावा लागेल. महिने जातात गं त्यात."

"पुन्हा कशाला? खात्यात नवा नंबर टाकला, त्यांचा होकारही आला. परवानगी जिथे होती तिथेच आहे."

"म्हणजे माझ्या शिक्क्याने..."

"काही झालं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, मामा." तिने कार्यालयाने कोपरा कापून रद्द केलेला जुना पासपोर्ट त्याच्या हातात ठेवला. "हा तुम्ही ठेवा. तुमच्याखेरीज याचा कोणाला उपयोग नाही."

फिक्रीने ते पान उघडलं. डिंक वाळून कागद सुटला होता आणि त्याच्याबरोबर अर्धा गरुडही. त्याने डबा टेबलावर ठेवला आणि चहा न घेताच निघाला. इनसाफने त्याला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिहाबचं विमान उडालं. त्याच वेळी तांत्यात एक म्हातारा शेतकरी खिडकीसमोर कागद घेऊन उभा होता. फिक्रीने त्याला दुपारपर्यंत तसाच उभा ठेवला आणि चहा दोनदा मागवला.