दिवस बुडायच्या आत

जेवायला बसण्याआधी काकासा दारात येत, डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडे बघत आणि विचारत, "दिवस शे ना अजून?" घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या जळगावच्या डाळमिलमध्ये मी कारकून होतो. मी "आहे" म्हटलं की ते निवांत बसायचे. अंधार पडल्यावर त्या जैन घरात घास नाही, पाणी नाही, चूलही नाही.

असा माणूस पॅरिसला गेला! डाळ निवडायचं यंत्र बघायला, तेही ऐन डिसेंबरात. भुसावळच्या पुढे न गेलेल्या आम्हा मंडळींना त्या गोष्टी कितीदा ऐकल्या तरी पुरत नसत.

"तिकडे पाचला दिवस बुडतो आणि हॉटेलं उघडतात सातला. आता बोला!" काकासा सांगत. पाव आणि केळी खाऊन ते कंटाळले. केळीही कसली, फैजपूरच्या माणसानं गुरांना घातली नसती.

शेवटी कोणीतरी त्यांना मोरोक्कोच्या लोकांच्या गल्लीत नेलं. हॉटेलाला लागून हॉटेल. भिंतींना निळ्या-हिरव्या फरश्या, परातीएवढी पितळी ताटं, त्यात वाफवलेल्या रव्याचा ढीग. त्याला म्हणतात कुसकुस. वर भोपळा, हरभरे आणि वाफाळता रस्सा. काकासांनी मालकाला खुणेनं सांगितलं, मांस नको, कांदा नको, गाजर नको. मग खिडकीतल्या सूर्याकडे बोट दाखवून, हा बुडाला की जेवण नाही, अशी मान हलवली.

मालकाचा चेहरा उजळला. नेमका रमजान चालू होता, त्याला वाटलं, हाही रोजेवाला! त्यानं काकासांना मानानं बसवलं. जेवण शिजतंय अशा समजुतीनं तेही बसून राहिले. सूर्य बुडताच त्यानं मोठ्या प्रेमानं खजूर पुढे केला आणि काकासांनी हात जोडले. घोटाळा कळल्यावर बिचाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भर दुपारी काकासांसाठी नव्या भांड्यात वेगळं शिजवलं. "पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता," इथे काकासांचा आवाज खाली यायचा. "चव बघता येईना, तर नुसता वास घेऊन मीठ टाकलं. आणि मी जेवत होतो तोवर समोर उभा राहून वाढत होता. असा माणूस जन्मात पाहिला नाही." मुक्काम होता तोवर रोज हेच.

मग म्हणायचे, "तो इकडे आला पाहिजे. दिवस बुडाल्यावर आपल्या घरी त्याला गरम वाढायचं."

लगेच आतून काकीसा, म्हणजे त्यांच्या पत्नी, ठणकावत, "माझ्या चुलीवर रात्री काही चढणार नाही!" साऱ्या बाजाराला दमात घेणारा माणूस तिथे गप्प व्हायचा. ही एक इच्छा उरात ठेवूनच ते गेले. मोरोक्कोचा पाहुणा काही आला नाही.

ते गेल्यानंतरच्या रमजानात मिलचा ट्रक शिंदखेड्याहून परतला तो दिवेलागण उलटल्यावर. ड्रायव्हरचा रोजा होता. चाव्या द्यायला तो दारात आला तेव्हा मी तिथेच होतो.

"काही खाल्लं का?" काकीसांनी विचारलं.

"पानी पिनू. ऱ्हाऊ द्या काकीसा, घर जाईसन खासू."

काकीसा आत गेल्या. थोड्या वेळानं चुलीचा धूर ओसरीवर आला. मी थक्क होऊन बघत राहिलो. त्यांचं स्वतःचं जेवणपाणी कधीच बंद झालं होतं. त्यांनी खिचडी टाकली, वर तूप सोडलं आणि समोर उभं राहून वाढायला घेतलं. ड्रायव्हर संकोचानं ताटावर हात आडवा धरू लागला.

"लाजू नका भाऊ," काकीसा म्हणाल्या, "यांनी तिकडे मागून मागून खाल्लं होतं."